बुजवलेला सांडवा

आमच्या वेळशेत गावाची एक तऱ्हा आहे. कोणी चांगलं काम करायला घेतलं की गाव आधी लांबून बघतं, मग नावं ठेवतं, आणि काम जमलंय असं दिसलं की अंगावर येऊन ते स्वतःच करायला घेतं. मी फोंडाघाटाची. बाजारच्या गावातली माणसं तोंडावर बोलून मोकळी होतात. त्यामुळे इथल्या या तऱ्हेची सवय व्हायला मला बरीच वर्षं लागली, आणि अजूनही ती पुरती झालेली नाही.

गावातल्या हायस्कुलात मी विज्ञान शिकवते. गेल्या वर्षी नववीच्या मुलांनी शाळेच्या प्रकल्पासाठी व्हाळावर बंधारा घालायचं ठरवलं. व्हाळ म्हणजे आमचा ओढा. पावसाळ्यात तो गुरं वाहून नेईल इतका माजतो आणि थंडी सरेपर्यंत त्यात पाय भिजवायलाही पाणी उरत नाही. मुलांचं काम साधंच होतं. सिमेंटच्या रिकाम्या पिशव्यांत माती भरायची, तोंडं सुतळीने शिवायची आणि विटांसारख्या एकीवर एक रचत जायचं. पण बंधाऱ्याचं टोक आपल्या बांधाला टेकवू द्यायला गावात कोणी तयार होईना. बांध खचेल, शेताची हद्द, म्हणजे मेर, बदलेल, उद्या पोरं दहावी होऊन गेली की निस्तरणार कोण, अशी शंभर कारणं.

शेवटी रुक्मिणीकाकी हो म्हणाल्या. नवरा गेलेला, मुलगा मुंबईला कंपनीत. व्हाळाच्या काठावर, बंधाऱ्याच्या जरा वरच्या अंगाला त्यांचं मातीच्या भिंतींचं घर आहे, जोतं बेताचंच. पोरं चिखलात खेळणार नाहीत तर कोण खेळणार, असं म्हणून त्यांनी आपला बांध देऊन टाकला. दुसरं टोक पलीकडच्या काठावर, सावरखोलच्या बाबूच्या मळ्याला टेकलं. सावरखोल हा शेजारचा गाव. व्हाळाच्या मधोमध दोन्ही गावांची शीव जाते. बाबूनेही मुलांना नाही म्हटलं नाही.

मुलांची म्होरकी होती गौरजा. ही मुलगी बोलते कमी. पण ती नाही म्हणाली की मीसुद्धा एकदा थांबून विचार करते. तिने बंधाऱ्याच्या माथ्यावर, आमच्या काठाकडे, थोडी जागा मुद्दाम सखल ठेवली होती. तो सांडवा. पाणी वाढलं की तिथून उतरून जायचं. बंधाऱ्यावर ताण यायचा नाही आणि पाणी मागे पसरायचं नाही.

त्या उन्हाळ्यात खालच्या वाडीच्या विहिरी आटल्या नाहीत. ओरोसला जिल्ह्याच्या प्रदर्शनात मुलांना पहिलं बक्षीस मिळालं, पेपरात फोटो आला, आणि बंधारा एका दिवसात गावाचा झाला. माझे चुलतदीर सत्यवान भावजी गावातले मोठे मानकरी. देवळात पहिला मान त्यांचा. ते जो भेटेल त्याला आमचो बंधारो, आमचो बंधारो म्हणून सांगू लागले. त्याच दिवसांत बाबू त्यांच्याकडे आला होता. सांडव्यावरून जाणारं पाणी पाटाने माझ्या मळ्यात येऊ दे, एवढंच त्याचं मागणं. भावजींनी त्याला अंगणातच उभं ठेवलं आणि व्हाळ आमच्या गावचा आहे म्हणून वाटेला लावलं. मी तेव्हा आत चहा करत होते. चहा नेऊन देईपर्यंत बाबू निघूनही गेला होता.

पावसाळ्यात वाहून गेलेला बंधारा या वर्षी मुलांनी थंडीच्या तोंडावर नव्याने घातला, आणि त्यानंतर काही दिवसांतच गावपळण आली.

आमच्याकडे काही वर्षांनी एकदा देवाचा कौल होतो आणि सगळं गाव तीन दिवस, तीन रात्री शिवेबाहेर जाऊन राहतं. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळी. गावात चूल पेटत नाही, दिवा लागत नाही, माणसाचं पाऊल पडत नाही. चौथ्या दिवशी पुन्हा कौल झाला की परतायचं. मुलांना यात जत्रेचा आनंद, बायकांना तीन दिवस केर-शेणापासून सुटका, पुरुषांना पत्ते. मीही खूश असते, उगाच कशाला नाकारू?

आम्ही व्हाळापलीकडे, सावरखोलच्या हद्दीतल्या काजूच्या बागेत उतरलो होतो. माडाच्या विणलेल्या झावळ्यांच्या, म्हणजे चुडतांच्या खोपी, मधे चुली. उतारावरून खाली व्हाळ दिसायचा आणि पलीकडे रुक्मिणीकाकींचं घरही. पहिला दिवस फुगड्यांत गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ओरोसहून माझ्या नवऱ्याचा, गुरुदासचा फोन आला. ते कलेक्टर ऑफिसात असतात आणि पळणीतही त्यांना रजा मिळाली नव्हती. समुद्रात वादळ तयार झालंय, घाटाकडे जोराचा पाऊस आहे, आपल्याकडेही येईल, म्हणाले. थंडीतला पाऊस म्हणजे आंब्याच्या मोहराची वाट लागणार, एवढंच मला वाटलं. बंधाऱ्याची काळजी मनात आली नाही. सांडवा होता ना.

थोड्याच वेळात पाऊस आला तो खरंच पावसाळ्यासारखा. चुली विझल्या, खोपी गळू लागल्या, माणसं ताडपत्र्या ओढत धावू लागली. माझ्या खोपीत आम्ही बरेच जण दाटीवाटीने बसलो होतो. तिथे सत्यवान भावजींनी मोठ्या हौसेने मोबाइल काढला. निघायच्या आदल्या दिवशी गावातल्या पुरुषांनी बंधाऱ्यावर श्रमदान केलं होतं. मुलांना कळू न देता. पळण संपवून परत येतील तेव्हा भरलेला व्हाळ बघून पोरं खूश होतील, असा बेत. त्याचा फोटो त्यांनी सगळ्यांना दाखवला. ओळीने उभी राहिलेली माणसं, कमरेवर हात, मागे उंच वाढवलेला बंधारा.

फोटो फिरत फिरत गौरजाकडे गेला. तिने तो बोटांनी मोठा केला आणि बराच वेळ बघत राहिली.

"बाई," ती म्हणाली, "सांडवो खंय आसा?"

भावजींना प्रश्नच कळला नाही. "ती मधली फट? थंयसून पाणी फुकट जाय होता, म्हणान बुजवली. वर थर चढवले. तुमका मदतच केली ना?"

मला असा संताप आला की मी थोरांसमोर बोलायचं नाही ते बोलून बसले. एका माणसाला, अख्ख्या गावातल्या एका तरी शहाण्याला, मुलांना विचारावंसं वाटलं नाही? विचारायला काय लागतं? आम्ही सगळे तसेच भिजत खाली काठावर धावलो.

पाणी गढूळ आणि फुगलेलं होतं. बंधारा पक्का होता, हीच पंचाईत. मुलांनी तो चांगला बांधला होता आणि मोठ्यांनी तो उंच केला होता. त्यामुळे पाणी पुढे जात नव्हतं, मागे पसरत होतं. आमच्या काठावरून ते रुक्मिणीकाकींच्या परसात शिरलं होतं. माडाच्या आळ्यांत पाणी, गोठ्यात पाणी, आणि घराच्या जोत्याला लाटा लागत होत्या. जोतं चिऱ्याचं, ते टिकेल. पण पाणी त्याच्यावर चढून मातीच्या भिंतीला लागलं तर भिंत विरघळणार, हे लहान मुलालाही कळलं असतं. काळोख पडायला वेळ होता. पाऊस थांबायचं चिन्ह नव्हतं.

कोणी म्हणालं, तहसीलदारांना फोन लावा. लावला. तिथून नाव, गाव, वाडी विचारून घेतली आणि कळवतो म्हणाले.

सांडवा आमच्या काठाकडे होता, म्हणजे शिवेच्या आत. चार माणसं गेली असती तर थोड्या वेळात पिशव्या निघाल्या असत्या. पण तीन दिवसांत गावात पाऊल टाकायचं नाही. मला हे सगळं त्या क्षणी असह्य झालं. मी साडी खोचली आणि पाण्यात उतरले. मी मास्तरीण, मी परगावची, मला काय होणार, मीच जाऊन येते, असं काहीतरी ओरडत.

माझा दंड मागून कोणीतरी धरला. रुक्मिणीकाकी होत्या. एवढ्याशा बाईच्या हातात इतका जोर असेल असं वाटलं नव्हतं.

"तू गेलंस तर घर रवतला गो," त्या म्हणाल्या. आवाज अगदी साधा, भाजीचा भाव सांगावा तसा. "पण उद्या कोणाचा ढोर मेला, कोणाचा पोर आजारी पडला, की सगळे माज्याच घराकडे बोट दाखवतले. हिच्यासाठी पळण मोडली म्हणतले. त्या घरात माका झोप येतली काय?"

मी आजूबाजूला बघितलं. कोणी म्हणालं नाही की आम्ही तसं बोलणार नाही. कारण आम्ही तसंच बोललो असतो. मी पाण्यातून बाहेर आले.

मग भावजींनी गुरवाला पुढे केलं. व्हाळाच्या अलीकडच्या काठावर शिवेचा दगड आहे, तिथे शीव राखणाऱ्या देवाला, राखणदाराला, गाऱ्हाणं घालून कौल घ्यावा आणि देवाने सोडलं तर आत जावं. गुरव तयार नव्हता. देवाशी तीन दिवसांचं ठरलं, मधेच पुन्हा विचारायची रीत नाही, असं त्याचं म्हणणं. तरी सगळ्यांनी गळ घातल्यावर त्याने दगड पुसला, डाव्या-उजव्या अंगाला फुलाच्या पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं सुरू केलं. उजवी आधी पडली तर परवानगी. पण त्याचं अर्धंही बोलून झालं नव्हतं तोवर पावसाच्या एका सरीने सगळ्या पाकळ्या धुऊन नेल्या. अर्धी माणसं म्हणाली उजवी आधी गेली, अर्धी म्हणाली डावी. भावजी उजवीवाल्यांत होते, तरी त्यांचाही पाय पुढे पडेना.

"हो कौल पावसाचो," गुरव हात झटकत म्हणाला, "देवाचो नाय."

तेवढ्यात पलीकडे रुक्मिणीकाकींच्या परसातली लाकडांची रास तरंगून निघाली. पाणी जोत्याच्या माथ्याला टेकलं होतं.

गौरजा इतका वेळ बंधाऱ्याच्या आमच्याकडच्या टोकाशी उकिडवी बसली होती. म्हणजे बाबूच्या मळ्याकडच्या टोकाशी. ती उठून माझ्याकडे आली. सांडवाच उघडायला हवा असं काही नाही, म्हणाली. या टोकाच्या पिशव्या काढल्या तरी पाणी उतरेल, आणि हे टोक शिवेबाहेर आहे. फक्त पाणी सरळ व्हाळात पडणार नाही. ते बाबूकाकांच्या मळ्यातून जाईल.

मळा समोरच होता. चवळीचे वेल मांडवावर चढवलेले, लाल माठाचे वाफे, वालीला नुकती फुलं आलेली. आणि बाबू तिथेच, डोक्यावर खताची पिशवी उलटी करून, आमचा सगळा गोंधळ बघत उभा होता. तो कधीपासून उभा होता कोण जाणे.

मी गौरजाला घेऊन त्याच्याकडे गेले आणि भडाभडा सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. मग माझ्या खांद्यावरून मागे, भावजींकडे बघितलं.

"पाणी मागूक इललंय तेव्हा व्हाळ तुमचो होतो," तो म्हणाला. "आता पाणी जास्त झाला, तर व्हाळ माजो झालो?"

गौरजा म्हणाली, काका, तुमचा मळा जाईल हे खरं आहे. वरवरच्या पिशव्या काढल्या तर अर्धा वाचेलही. तिने त्याला फसवलं नाही, हे मला आजही बरं वाटतं. बाबूने तिच्याकडे बघितलं, पण जागचा हलला नाही. पोरीला पुढे घालू नका, एवढंच मला म्हणाला. ज्याने हाकललं त्याने येऊन सांगावं.

सत्यवान भावजींनी आयुष्यात कोणापुढे मान तुकवलेली मी बघितली नव्हती. देवाच्या तरंगापुढे, त्या सजवलेल्या देवकाठीपुढे, सोडून. दोन्ही गावांची माणसं काठावर होती. आमचा गलका ऐकून सावरखोलचे बरेच जण जमले होते. भावजी मेरेवरून चालत आले. वाटेत त्यांचा पाय घसरला, त्यांनी हात पुढे केला, पण कोणी धरला नाही. कोणाला धरावं हेच कळेना बहुतेक. ते बाबूसमोर उभे राहिले, आणि एकदा मागे वळून काकींच्या घराकडे बघितलं.

"चुकी माजी," ते म्हणाले. "पोरांची नाय. पाणी तुज्या मळ्यात सोड, बाबू. फुडच्या वर्सापासून सांडवो तुज्या बाजूक रवतलो. ह्या मी सगळ्यांसमोर सांगतंय."

बाबूने डोक्यावरची पिशवी काढून बाजूला टाकली. मळ्यातल्या खोपटातून, मांगरातून, खोरं आणलं. आणि सर्वांत आधी, कोणी सांगण्याआधी, स्वतःच्या चवळीचा मांडव स्वतःच आडवा केला, वेलांत पाणी अडू नये म्हणून.

मग माणसं बंधाऱ्याला भिडली. आमच्यातला एक जवान गडी थेट खाली वाकला आणि तळाची पिशवी उपटायला लागला, लवकर काम व्हावं म्हणून. गौरजा किंचाळलीच. खालची काढलीत तर सगळा बंधारा एकदम सुटेल, पुढे माणसं उभी आहेत. तो गडी तसाच वाकलेला, हात पिशवीवर, भावजींच्या तोंडाकडे बघत. गावात पोरीचं ऐकून हात काढायची पद्धत नाही.

भावजींनी त्याचा हात धरून बाजूला केला आणि स्वतः कमरेइतक्या पाण्यात उतरले. पुढ्यात पिशव्यांची भिंत, पाठीमागे दोन गावं.

"गो," ते गौरजाला म्हणाले, "आता खंयची काडू?"

तिने बोट दाखवलं. त्यांनी ती पिशवी सोडवली आणि मागे दिली. मागच्याने त्याच्या मागच्याला. कोण वेळशेतचा, कोण सावरखोलचा, चिखलात काही कळत नव्हतं. एक थर उतरला की ती थांबवायची, पाणी किती जातंय ते बघायची, मग पुढची दाखवायची. वरून कोणी घाई करा म्हणून ओरडलं तर आता भावजीच त्याला गप्प करत होते. पाणी मळ्यात उतरलं. आधी पाटासारखं, मग रुंद. लाल माठ गेला. वालीचा एक वाफा गेला. बाबू खोऱ्याने पाण्याला वाट करून देत त्याच्यापुढे चालला होता, एकदाही मागे न बघता.

मी रुक्मिणीकाकींजवळ उभी होते. आम्ही दोघी जोत्याकडे बघत होतो. पाणी वाढायचं थांबलं. मग चिऱ्याची एक ओली पट्टी उघडी पडली. मग आणखी थोडी. बायकांनी रुक्मिणीकाकींच्या पाठीवरून हात फिरवायला सुरुवात केली. कोणीतरी देवाचं नाव घेतलं. मलाही रडू आलं आणि मी ते आवरलं नाही.

तेवढ्यात मागची भिंत गेली.

फार मोठा आवाज झाला नाही. ओली माती, धुरळाही उडाला नाही. भिंत खालून बसली, वरची कौलं एकेक करत घसरली, आणि आतली भांड्यांची फळी पावसात उघडी पडली. पितळेचे डबे एका ओळीत तसेच होते. बाकीच्या तीन भिंती उभ्या राहिल्या. काकींनी पदराचं टोक तोंडाशी धरलं आणि खाली बसल्या.

तो दिवस आणि त्यानंतरचा सगळा दिवस आम्हाला समोरून ते बघत राहावं लागलं. पाऊस थांबला, ऊन पडलं, तरी कोणी पत्ते काढले नाहीत. लहान मुलंसुद्धा उताराच्या त्या बाजूला खेळेनात. सगळं गाव जेवायला बसलं की समोर ती उघडी फळी. मी भावजींना टोमणा मारायचा नाही असं ठरवलं होतं. ठरवायची गरज नव्हती, ते कोणाच्याच पंगतीला बसले नाहीत.

चौथ्या दिवशी सकाळी कौल झाला. उजवी पाकळी चटकन पडली. रीतीप्रमाणे आधी देवळात जायचं असतं. सगळे गेले, पण पाया पडून कोणी घरी वळलं नाही. देवळातून थेट व्हाळाकाठी. बाबूही पलीकडून आला, त्याच्या गावचे चौघे-पाचजण घेऊन, आणि अंगणात शिरायचं की नाही म्हणून बाहेरच घुटमळला. काकींनी त्याला आत बोलावून पाटावर बसवलं.

भावजी तोवर कामाला लागले होते. पडलेल्या भिंतीचं माप घेणं चाललं होतं. चिरे कोण देणार, वाळू कोण टाकणार, रंगपंचमीच्या आत उभी करून देतो, मातीची कशाला, चांगली पक्की, आणि ही मागची खिडकी तर नकोच, चांगली बंद भिंत घालू, असं सगळं त्यांनी तिथल्या तिथे ठरवलंदेखील. माणसंही माना डोलावत होती. आमच्या गावाला एकदा काम आवडलं की ते थांबत नाही, ते मी आधी सांगितलंच आहे.

रुक्मिणीकाकी पितळेचा एक डबा पदराने पुसत होत्या. त्यांनी तो खाली ठेवला.

"भिंत घालतल्यात ती घाला, सत्यवानानु," त्या म्हणाल्या. "पण ह्या टायमाक आधी इचारा."

माप घेणारी माणसं थांबली. भावजींच्या हातातली सुतळी सैल झाली. त्यांनी ती गुंडाळून खिशात ठेवली, काकींच्या समोर येऊन जमिनीवर बसले, आणि खिडकी कुठे हवी ते विचारलं.